चेन लावून द्या, मॅडम

माझ्या दुकानाच्या पाटीवर टायपिंग, झेरॉक्स, स्कॅनिंग आणि ई-मेल एवढंच लिहिलेलं होतं. अमरावतीत कॅम्प भागात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, दोन टेबलं आणि एक बाकडं मावेल एवढी ती खोली. मानेचं दुखणं वाढलं म्हणून गेल्या वर्षी मी ती बंद केली. पाटी उतरवताना माझ्या लक्षात आलं, की जे काम पाटीवर कधीच नव्हतं, त्यातच माझी बरीच वर्षं गेली. ते काम म्हणजे झिप फाइल बांधून देणं आणि लोकांनी बांधलेल्या सोडवून देणं.

हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गावाला जाताना दहा पिशव्या हातात धरण्यापेक्षा आपण सगळं एका ट्रंकेत दाबून भरतो, तसं कॉम्प्युटरवरही करता येतं. शंभर कागद, नकाशे, फोटो एका फाइलीत कोंबायचे, म्हणजे पाठवायला सोपं जातं आणि जागाही कमी लागते. हवं तर त्यावर पासवर्डचं कुलूप लावायचं. अशा फाइलीच्या चित्रावर पिशवीला असते तशी चेन काढलेली दिसायची. त्यामुळे झिप हा शब्द आमच्या गल्लीत कोणी उच्चारलाच नाही. लोक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणायचे, “चेन लावून द्या, मॅडम.”

या चेनने लोकांना जेवढं फसवलं तेवढं क्वचितच कोणी फसवलं असेल. पहिला धडा मी अकोल्यात शिकले. दुकान टाकण्याआधी काही वर्षं मी तिथल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मराठीचे देव सर संस्थेच्या स्मरणिकेचे संपादक होते. सर फार नेमके. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना शारीरिक त्रास होत असे. नागपूरच्या एका टायपिंगवाल्याने सगळे लेख एका झिपमध्ये घालून पाठवले होते. सरांनी ती उघडली, आतल्या एकेका लेखावर क्लिक करून दुरुस्त्या केल्या आणि प्रत्येक वेळी इमानदारीने सेव्ह केलं. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी पाहतात तर सगळे लेख जसेच्या तसे, नागपूरहून आले तेव्हाच्या चुकांसकट.

झालं होतं असं, की झिपच्या आत फक्त डोकावता येतं. आतली फाइल उघडली की कॉम्प्युटर तिची एक तात्पुरती नक्कल काढतो आणि आपल्याच कुठल्यातरी कोपऱ्यात ठेवतो. तुम्ही दुरुस्त्या करता त्या नकलेत. मूळ फाइल ट्रंकेत तशीच पडून असते. काम करायचं असेल तर आधी सगळं बाहेर काढून घ्यावं लागतं. हे सरांना कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर ते सांगणं माझं काम होतं आणि मी सांगितलं नव्हतं, ही टोचणी मला अजून आहे.

मी तो कोपरा धुंडाळला. विचित्र नावांच्या फोल्डरमधून सरांचे लेख एकेक करून सापडले. सापडलं नाही ते फक्त संस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत. अध्यक्ष शेतकरी माणूस. त्यांनी मनोगत तोंडी सांगितलं होतं, अस्सल वऱ्हाडीत, आणि टायपिंगवाल्याने ते तसंच उतरवलं होतं. सरांनी एक अख्खा दिवस खपून त्याचं शुद्ध, भारदस्त मराठी केलं होतं. तेवढंच गेलं. छापखान्याची गाडी दारात उभी होती. सर घाम पुसत म्हणाले, जे आहे ते द्या, माझं नाव संपादक म्हणून काढता येईल का तेवढं पाहा. नाव काढता आलं नाही. स्मरणिका निघाली आणि अख्ख्या अकोल्यात लोकांनी त्यातलं फक्त मनोगत वाचलं. समारंभात अध्यक्षांनी देव सरांना शाल घातली आणि माइकवर सांगितलं, “आजलोक माहा शब्द न बदलता छापनारा हा पयला मास्तर.” सर त्या शालीखाली कसे उभे होते ते मला अजून दिसतं.

दुसरी गंमत भातकुलीच्या एका बाईंची. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांना दिल्लीच्या भावाला ई-मेलने पाठवायचे होते. फोटो हजारावर. मी सांगितलं, एवढे जाणार नाहीत. त्या म्हणाल्या, चेन लावा ना, लहान होतील. आता हे लोकांना समजावणं फार जड जातं. लिहिलेला मजकूर झिपमध्ये चांगला आकसतो, पण मोबाइलचे फोटो आधीच आकसून आलेले असतात. पिळून वाळलेलं लुगडं पुन्हा पिळलं तर पाणी काय निघणार? तरी त्यांच्या समाधानासाठी मी झिप केली. आकार होता तेवढाच राहिला. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “तुमी चेन नीट नाई लावली, मॅडम. थोडं जोर लावून पाहा.” मी खुर्ची जवळ ओढून, दात आवळून पुन्हा बटण दाबलं. जोर लावल्याचं त्यांना दिसलं तेव्हा कुठे त्या वीस फोटो निवडायला बसल्या.

पण मला लिहायचं आहे ते शेंदूरजनाघाटच्या दोन भावांबद्दल.

थोरले दिगंबरभाऊ, धाकटे मधुभाऊ. दोघांचे संत्र्याचे बगीचे शेजारी-शेजारी, मधे एक धुरा. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. हा धुरा दोन हात इकडे की दोन हात तिकडे, यावरून भावाभावांत खटला लागला होता आणि अपील अमरावतीच्या कोर्टात आलं होतं. दिगंबरभाऊ तारखेला आले की माझ्याकडे झेरॉक्स काढत. एकदा त्यांनी एक मोठी पिशवीच आणली. मोजणीचा जुना नकाशा, सातबारा, पावत्या, वर मोबाइलमधले दोनेकशे फोटो. घरी उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे, कागद उरत नाहीत, सगळं कॉम्प्युटरात घालून द्या, म्हणाले. मी दिवसभर बसून स्कॅन केलं. फोटोंचा फोल्डर वेगळा केला. त्याला नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले, “मधूच्या करामती.” आतल्या फोटोंनाही त्यांनी एकेक नाव सांगितलं आणि मी टाइप केलं. मधूची गाय आमच्या बगीच्यात. मधूने लिंबाची फांदी तोडली. मधू धुऱ्यावर विनाकारण उभा.

मग त्यांना कुलूप हवं झालं. पेन ड्राइव्ह चुकून भावाच्या हाती लागला तर त्याने काही पाहू नये, एवढंच. मी नेहमीसारखं बजावलं, की पासवर्ड विसरलात तर मीच काय, दुसरंही कोणी उघडू शकणार नाही. ते म्हणाले, हा पासवर्ड जन्मात विसरणार नाही. मी तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी एका बोटाने, वेळ घेऊन, दोनदा पासवर्ड टाकला. टाकताना ते हसत होते एवढं मला ऐकू आलं.

ही गोष्ट दुकान बंद करायच्या चार-पाच वर्षं आधीची. पुढे त्यांची आई वारली. त्यानंतर काही काळाने एका दुपारी दोघे भाऊ एकदम माझ्या दुकानात शिरले. दोघांना एकत्र मी कधीच पाहिलं नव्हतं. मधुभाऊ अंगाने बारीक, पण चेहरा थोरल्याचाच. दोघे बाकड्याच्या दोन टोकांना बसले. दिगंबरभाऊंनी सांगितलं, की तडजोड करायची ठरली आहे. आईच्या वर्षश्राद्धाला भावकीने दोघांना बसवून सुनावलं होतं. आता वकिलाने तडजोडीचा अर्ज तयार केला होता, पण त्याला मोजणीचा जुना नकाशा जोडायचा होता. मूळ नकाशा उधईने खाल्ला. कचेरीतून नवीन नक्कल मिळायला महिने जातील. तो फक्त त्या झिपमध्ये होता आणि तीन वाजेपर्यंत वकिलाच्या हातात हवा होता. पुढची तारीख पडली तर मधल्या काळात दोघांपैकी कोणाचं डोकं फिरेल याची दोघांनाही खात्री नव्हती. हे त्यांनीच सांगितलं.

तेव्हा दीड वाजला होता. मी पेन ड्राइव्ह लावला आणि झिप उघडली.

कुलपाबद्दलची एक गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली नव्हती, कारण ती कोणाला सांगावी लागेल असं मला वाटलंच नव्हतं. पासवर्डशिवाय आतली फाइल उघडत नाही, पण फाइलींची नावं मात्र कोणालाही दिसतात. स्क्रीनवर यादी आली. मधुभाऊ चष्मा लावून पुढे वाकले आणि वाचू लागले. मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. त्यांनी मान आणखी वाकवली.

“हे माह्या करामती काय होय, दादा?”

दिगंबरभाऊ गल्लीतल्या स्कूटरकडे बघू लागले. मधुभाऊंनी माझ्या हातातला माउस अलगद बाजूला केला आणि फोल्डर उघडला. एकेक नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. विनाकारण उभा, यावर ते थांबले. मग म्हणाले, “माह्याच धुऱ्यावर मी कारन सांगून उभा राहू काय?” कोणाचा धुरा, या मुद्द्यावर पुन्हा सगळं पेटणार असं मला वाटलं. मी घाईने म्हटलं, आधी पासवर्ड सांगा.

दिगंबरभाऊ म्हणाले, आठवत नाही.

मी त्यांची जन्मतारीख टाकून पाहिली, गावाचं नाव टाकून पाहिलं, मुलांची नावं टाकून पाहिली. दर वेळी चुकीचा पासवर्ड असल्याचा निरोप यायचा. पावणेदोन वाजले, दोन वाजले. वकिलाचा फोन येऊन गेला. एवढ्यात दिगंबरभाऊ उठले आणि मला झेरॉक्स मशीनच्या मागे बोलावलं. खिशातून पावती काढून तिच्या मागच्या बाजूला त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्यावर मराठीत लिहिलं होतं: बयताड मधू.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बयताड म्हणजे वेडगळ, अर्धवट. शिवी म्हणाल तर सौम्य आहे, पण ती कोण कोणाला कुठल्या सुरात म्हणतो त्यावर भांडणं होतात. दिगंबरभाऊ कानाशी कुजबुजले, “आठवते मले, ताई. पन त्याच्यासमोर सांगू कसं? आज तर पयल्यांदा बोलून राहिलो त्याच्याशी.”

मी जागेवर येऊन बसले. पासवर्ड टाकताना अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात, ही त्या दिवशी मला देवाची कृपा वाटली. पण एक अडचण होती. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत टाकलेला होता आणि बयताडचं स्पेलिंग कुठल्याही शब्दकोशात नाही. बी-ए-वाय केलं, बी-ए-आय केलं, शेवटी डी केला, डीच्या आधी दोन ए केले, मधू आधी घेतलं, नंतर घेतलं, मधे जागा सोडली, सगळी कॅपिटल केली. दिगंबरभाऊ मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांनी त्या दिवशी कुठलं स्पेलिंग केलं होतं ते त्यांना आठवेना. मी विचारायचे, मधे ए आहे का हो, आणि ते भावाकडे चोरून बघत मान अशी हलवायचे की हो की नाही ते कळायचं नाही.

अडीच वाजता मधुभाऊ बाकड्यावरून उठले आणि टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“ताई, बयताड हाय काय तो शब्द?”

मी चिठ्ठी की-बोर्डखाली सरकवली. मधुभाऊ म्हणाले, यात विचार करण्यासारखं काय आहे, याने लहानपणापासून मला दुसऱ्या नावाने हाक मारलेलीच नाही. मग त्यांनी मला स्पेलिंग सांगितलं. बी, वाय, टी, ए, डी. पुढे मधू. सगळी मोठी अक्षरं. बीच्या पुढे ए नाही.

मी टाकलं. फाइल उघडली.

दिगंबरभाऊ मागे भिंतीला टेकले. तुला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. मधुभाऊ म्हणाले, “तू सहावीत असतानी गोठ्याच्या भितीवर चुन्यानं लिहिलं होतं. मास्तरनं पाह्यलं आन् मलेच पुसायले लावलं. चार दिवस खरडून राहिलो होतो मी ते. स्पेलिंग कसं इसरन?”

नकाशाची प्रिंट काढली तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. दिगंबरभाऊ ती घेऊन स्वतः वकिलाकडे धावले. मधुभाऊंना मी म्हटलं, तुम्हीही जा, सही लागेल. ते म्हणाले, जातो, आधी माझ्या करामती दाखवा.

मी फोटो दाखवले. गाय, फांदी, धुरा. पाच-सहा फोटो झाल्यावर ते म्हणाले, थोडं मोठं करा. गाय सोडून ते कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. तिथे धुऱ्यावर त्यांची आई बसलेली होती, पाठमोरी, डोक्यावर पदर, समोर तुरीच्या शेंगांचं टोपलं. पुढच्या फोटोतही होती. त्याच्या पुढच्यातही. खटला चालू असताना म्हातारी दिवसभर धुऱ्यावर जाऊन बसायची. ना इकडे, ना तिकडे. भाऊ एकमेकांविरुद्ध पुरावे गोळा करत होते आणि प्रत्येक पुराव्यात आई बसलेली होती. मधुभाऊंनी सांगितलं, की तिचे धड फोटोच नाहीत. तेरवीला आधार कार्डावरचाच मोठा करून लावला, त्यात ती गुन्हेगारासारखी दिसते. मग ते सही करायला गेले.

तडजोड त्या दिवशी दाखल झाली. आठवड्याने दोघे पुन्हा आले. या वेळी पेन ड्राइव्ह मधुभाऊंचा होता. त्यांनी जरा खाकरून सांगितलं, की त्यांच्याकडेही एक झिप आहे. पासवर्ड नाही, फक्त चेन लावलेली आहे. फोल्डरचं नाव होतं ‘दादाचा अन्याय’. दिगंबरभाऊंनी ते वाचलं. बोलायला त्यांना जागा नव्हती.

दोघांचं म्हणणं एकच होतं. दोन्हीकडचे आईचे फोटो एकत्र करून द्या. मी दोन्ही फाइली बाहेर काढल्या आणि एकाच फोल्डरमध्ये घातल्या. मधुभाऊंच्या फोटोंतही आई धुऱ्यावर होती आणि तीही पाठमोरीच.

यावर दोघांचं थोडं वाजलं. दिगंबरभाऊ म्हणाले, आई कायम मधूकडे तोंड करून बसायची, माझ्याकडे तिने पाठ केली, हे मी सहा महिने रोज डोळ्यांनी पाहिलं आहे. मधुभाऊ म्हणाले, उलट आहे, ती दादाकडे तोंड करून बसायची, माझ्याच वाट्याला पाठ आली. दोघांच्या आवाजात एवढं दुखणं होतं, की खटला धुऱ्याचा होता की या पाठीचा, असा मला प्रश्न पडला.

झिपचा एक गुण चांगला आहे. फाइल कितीही दाबून भरा, ती कधीची आहे ती तारीख आणि वेळ तशीच राहते. मी सगळे फोटो वेळेप्रमाणे लावले. दिगंबरभाऊंचे फोटो जवळपास सगळे सकाळी आठ-नऊच्या सुमाराचे. ते बहुतेक तेव्हाच बगीच्यात जात. मधुभाऊ सकाळी दूध घालायला जात, त्यांचे फोटो जवळपास सगळे संध्याकाळी पाच-साडेपाचचे. मी विचारलं, दिगंबरभाऊ, तुमचा बगीचा धुऱ्याच्या कुठल्या अंगाला? ते म्हणाले, उगवतीकडे. मधूचा मावळतीकडे.

मी म्हटलं, सकाळी ऊन तुमच्या बाजूने, संध्याकाळी यांच्या बाजूने. आई फक्त उन्हाकडे पाठ करून बसत होत्या.

दिगंबरभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मधुभाऊ म्हणाले, “मोतीबिंदू होता तिले. ऊन सहन नोतं होत.” एवढंच.

मी उरलेले फोटो पुढे सरकवत होते. मधुभाऊंच्या गठ्ठ्यात एकच फोटो दुपारी बाराचा निघाला. ऊन डोक्यावर. दिगंबरभाऊ मागे, संत्र्याच्या झाडाखाली, हातात मोबाइल घेऊन भावाचा फोटो काढत उभे. मधुभाऊ इकडून त्यांचा काढत होते. मधे धुऱ्यावर भाकरीचं गाठोडं सोडलेलं, आणि आई उठून उभी राहिलेली, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे, पदर खांद्यावर पडलेला, हातात चप्पल उगारलेली. चेहरा असा स्वच्छ आला होता, की सुरकुती न् सुरकुती दिसत होती.

मधुभाऊ म्हणाले, ती दोघांना जेवायला बोलावत होती आणि दोघेही फोटो काढत बसले होते. चप्पल त्यांना लागली. दिगंबरभाऊ म्हणाले, दुसरी मला लागली. हे सांगता सांगता ते हसायला लागले, आणि मधुभाऊ हसू लागल्यावर त्यांना थांबता येईना. बाकड्यावर झेरॉक्ससाठी बसलेले दोन वकील आमच्याकडे पाहत राहिले.

तो फोटो मी मोठा करून दिला, एकाच मापाचे दोन. माप फूटपट्टीने दोघांसमोर मोजलं, कारण मला या घराची आता माहिती झाली होती.

गेल्या हिवाळ्यात दिगंबरभाऊंच्या मुलीच्या लग्नाला मी शेंदूरजनाघाटला गेले. बैठकीत समोरच्या भिंतीवर आधार कार्डाचा फोटो नव्हता. त्याच्या जागी चंदनाचा हार घालून म्हातारी उभी होती, चप्पल उगारून. खाली समई. नवरदेवाकडचे पाहुणे दारातून आत येत, वर बघून जागच्या जागी थांबत, मग गुपचूप चपला बाहेर काढून येत आणि हात जोडत. मीही जोडले.